आठ दिवस म्हणजे किती

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

नांदेड, ५ फेब्रुवारी १९८७

ती. आप्पांस,
दानूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आठ दिवसाला येतो, तवर रडायचं न्हाई, असं तुम्ही मला इथेच, शरणम्मा आत्याच्या दारात म्हणाला होतात. बहात्तरचा दुष्काळ होता, मी नऊ वर्षांची होते, आणि गावात पाणी नाही म्हणून तुम्ही मला आत्याकडे शिकायला ठेवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज उठल्यावर न्हाणीच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढू लागले. आठ रेघा झाल्या की आप्पा येणार. सातवी रेघ ओढून हात धुतेय तोच तुम्ही दारात उभे. एक दिवस आधी. आत्याच्या मुलींना मी आजवर ऐकवत आलेय की माझ्या आप्पांना माझ्याशिवाय आठ दिवससुद्धा काढता आले नाहीत.

आज हे आठवायचं कारण, सध्या दिवसभर माझ्यापुढे नुसते दिवसच असतात. आमच्या ऑफिसात दिवाळीनंतर कॉम्प्युटर आलाय, ते मागच्या पत्रात लिहिलंच होतं. त्याला एकेक काम सांगायचं, त्या कामाला किती दिवस लागतील ते सांगायचं, कुठलं काम कुठल्या कामानंतर ते सांगायचं. मग तो सुट्ट्या वगळून काम कधी संपेल ती तारीख काढून देतो. तुमच्या नव्या जिल्ह्यातली अकरा गावं नळाच्या पाण्यासाठी आमच्याकडे आली आहेत. फॉर्म अजून जुनेच छापलेले, प्रत्येकावर उस्मानाबाद खोडून लातूर लिहिताना माझी बोटं दुखली. त्या अकरांत आपली बेलवाडी आहे.

आता काळजीचं. या उन्हाळ्यात पाइप चारच गावांना पुरतील एवढे आहेत. चौदा एप्रिलला पाणी सोडायचं ठरलंय, म्हणून ज्या गावाचं काम तेरा एप्रिलपर्यंत संपतं त्यालाच पाइप. बाकीच्यांना पुढच्या वर्षी. ईश्वरप्पा मिस्त्रींनी तुमच्याकडून कळवलेले दिवस मी जसेच्या तसे घातले: चर खोदायला पंधरा दिवस, पाइप वाहून आणायला आठ, जोडायला पंधरा, चाचणी घेऊन चर बुजवायला आठ. दोन मार्चला सुरुवात, पाडव्याची सुट्टी. उत्तर आलं पाच मे.

मी दोन दिवस त्या उत्तराच्या मागे लागले, तेव्हा कळलं की हा प्रोग्रॅम परदेशात तयार झालाय आणि शनिवारीसुद्धा सुट्टी धरतो. शनिवार कामाचा केला तर चोवीस एप्रिल. तरी अकरा दिवस उशीरच. कागदावर हाताने मांडून पाहिलं, तेच येतं. आमचे शेषेराव साहेब म्हणतात की मिस्त्री लोक दिवस फुगवूनच सांगतात, बेलवाडीला पुढच्या यादीत टाक. मी अजून टाकलेलं नाही. अठ्ठावीस फेब्रुवारीला यादी जाणार. तेवढ्यात मिस्त्रींना परत एकदा नीट विचाराल का?

अव्वा अजून ओढ्याच्या झिऱ्यावर बसून वाटीने घागर भरते, असं परवा भेटलेल्या कंडक्टरने सांगितलं. तुम्ही मला हे लिहीत नाही. तुमच्या छातीचंही लिहीत नाही. दोन्ही लिहा, आणि माझ्यावर माया ठेवताच, ती कमी करू नका.

तुमची
दानू


बेलवाडी, ता. चाकूर
१० फेब्रुवारी

चि. दानू हिस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझी तब्येत बरी हाय, फिकीर करू नको. लातूरच्या डॉक्टरनं वजन उचलायचं न्हाई म्हणून सांगितलं, तवापासून मी घागरसुद्धा उचलत न्हाई. तुझी अव्वा उचलते, अन् वर मला ऐकवते की डॉक्टर बी निवडून निवडून बाप्यांनाच आराम सांगतो. झिऱ्याचं खरं हाय. एक घागर भरायला आता दोन तास लागतेत. टँकर तिसऱ्या दिवशी येतो, आला तर.

ईश्वरप्पाला विचारलं. तुझ्या साहेबाचं बोलणं त्याला जसंच्या तसं सांगायला नको होतं, पण मी सांगून बसलो. त्यानं हातातली थापी खाली ठेवली अन् म्हणाला, मुरुडकडची लाइन मी टाकली तवा तुमची दानू पाळण्यात पाय हलवत होती, तिच्या डब्याला म्हणावं पाइप जोडून दाखव. राग उतरल्यावर बोटांवर मोजून त्यानं परत तेच सांगितलं. पंधरा दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस, आठ दिवस. झाला दीड महिना, एक दिवस वर न्हाई का खाली न्हाई. तवा माणूस फुगवून सांगत न्हाई, हे मी तुला लिहून देतो.

आता तुझ्या कोळशाच्या रेघांचं. वाचून तुझी अव्वा डोळे पुसत बसली, म्हणून लिहावं का न लिहावं असा दोन दिवस इचार केला. पण जे मी केलं न्हाई त्याचं नाव मला नको. पोरी, मी लवकर आलो नव्हतो. सोमवारी तुला सोडलं, पुढच्या सोमवारी आलो. सोमवार ते सोमवार, आठ दिवस. तुला सोडल्याचा दिवस तू धरलाच न्हाईस, दुसऱ्या दिवशीपासून रेघा वढल्यास. अन् सोमवार सोडून मला सवड कधी होती? त्या दिवशी आपण बैल जुंपत न्हाई. बैल मोकळे, म्हणून मी मोकळा.

पंधरा वर्षं तू हे आतेबहिणींना सांगत हिंडलीस, तर आता त्यांना खरं सांगायला पाहिजेच असं न्हाई. ते तुझं तू बघ.

जीव लावून काम कर, अन् हप्त्याला एक पत्र टाकत जा.

तुझा आप्पा,
महादेवप्पा


नांदेड, १४ फेब्रुवारी

ती. आप्पांस,
दानूचा नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यातच उघडलं आणि पायरीवरच बसून राहिले. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा वाईट वाटलं. तो एक दिवस मी फार जपला होता. परीक्षेत कमी मार्क पडले, हॉस्टेलात ताप आला, काही झालं तरी मला वाटायचं की माझे आप्पा एक दिवस आधी आले होते. तो दिवस तुम्ही तीन ओळींत परत घेतलात.

मग तिथेच बसल्या बसल्या दुसरं लक्षात आलं. तुमचे आठ दिवस माझ्या भिंतीवर सातच होते. आणि ईश्वरप्पांचे आठ दिवस मी मशीनमध्ये आठ घातले होते.

आपण बोलताना आठ दिवस म्हणतो म्हणजे आठवडा म्हणतो. या सोमवारपासून त्या सोमवारपर्यंत, दोन्ही सोमवार मोजून. त्यातला दुसरा सोमवार पुढच्या आठवड्याचा आणि मधला रविवार सुट्टीचा, म्हणजे काम होतं सहा दिवस. पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे, काम बारा दिवस. आणि मी मशीनला काय सांगितलं, तर कामाचे भरगच्च आठ, कामाचे भरगच्च पंधरा, आणि रविवार वर वेगळे. सुट्टी मिस्त्रींच्या तोंडात आधीच होती, मशीनने ती दुसऱ्यांदा दिली. चारही कामांत मिळून दहा दिवस मी माझ्या हाताने वाढवले होते. मिस्त्री दीड महिना म्हणत होते ते सगळं सरळ होतं. जन्मल्यापासून मीही असंच बोलते, पण खुर्चीवर बसले की आठ म्हणजे आठ.

पळत वर गेले. बारा, सहा, बारा, सहा घातले आणि उत्तर आलं सोमवार, तेरा एप्रिल. बरोबर तेरा. मी तीनदा करून पाहिलं.

एकट्या बेलवाडीचे दिवस बदलणं बरं नव्हे, म्हणून दोन दिवस बसून अकराही गावांच्या मिस्त्रींचे कागद पुन्हा काढले. सगळीकडे तीच चूक. सगळी दुरुस्त केली. आता चार गावं मुदतीत बसतात, त्यात चौथं आपलं. शेषेराव साहेब आधी हसले, मग त्यांनीच सांगितलं की त्यांच्या बायकोला माहेरी पाठवताना आठ दिवस म्हणजे किती यावरून दर वर्षी भांडण होतं.

मिस्त्रींची मी माफी मागते. कामाचा तक्ता नकलून सोबत ठेवलाय, त्यांना वाचून दाखवा. अव्वाला सांगा, घागर भरायचे थोडेच दिवस राहिलेत.

दिवस परत घेतलात तरी लोभ ठेवा.

तुमची
दानू


बेलवाडी, १८ फेब्रुवारी

चि. दानू हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मठाच्या वसरीत सगळ्यांपुढे वाचलं. ईश्वरप्पानं माफीची ओळ दोन वेळा वाचायला लावली, मग तिसऱ्यांदा बी वाचा म्हणाला, ऐकू आलं न्हाई म्हणून. त्याला सगळं ऐकू येतं.

तुझी हुशारी बघून छाती भरून आली. डॉक्टर म्हणतो ती दुखणारी न्हाई, दुसरी.

पण तक्ता मी घरी येऊन परत वाचला, अन् तिथं एक जागी बोट थांबलं. तू लिहिलंस, सोमवार सोळा मार्च, पाइप वाहतूक सुरू. दानू, सोमवारी बैल कसे जुंपायचे? माळावर ट्रक चढत न्हाई, ट्रॅक्टर टँकरला लागलाय, गाड्याच लागणार. चारा न्हाई म्हणून निम्म्या गावानं बैल पाहुण्यांकडं धाडलेत. राहिल्या गाड्या सहा, साऱ्या सोमवार पाळणाऱ्या आपल्याच लोकांच्या. दुबळ्या बैलांची दिवसाला एक खेप, सहा दिवसांत छत्तीस खेपा. ईश्वरप्पानं आठ दिवस सांगितले ते रविवार धरून अन् सोमवार सोडून. अन् तू म्हणतीस रविवारी सुट्टी. चौकशी केली, लातूररोड स्टेशनावर पाइप देणारा माणूस रविवारी खरंच नसतो. म्हणजे रविवार बी गेला, सोमवार बी गेला. सहावी खेप पुढच्या मंगळवारी पडती.

हे तुझ्या साहेबाच्या ध्यानात येणार न्हाई, हे मला कळतंय. तुझी अव्वा म्हणाली की लिहू नका, आधी पाणी येऊ द्या. पण चुकीच्या दिवसावर गाव यादीत बसलं, अन् उद्या काम राहिलं, तर ज्या गावाचे पाइप आपण अडवले त्याच्या बायांनी कुणाच्या नावानं बोटं मोडायची? तू मशीनला खरं सांग. मग जे व्हायचं ते होऊ दे.

पत्र लिहून हात जड झाला. तुझा राग येणार हे धरून चाललोय, तो निवला की उत्तर दे.

आप्पा


नांदेड, २१ फेब्रुवारी

ती. आप्पांस,
नमस्कार वि. वि.

राग आला होता. एक दिवस तुमचं पत्र पर्समध्ये तसंच ठेवून हिंडले. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं, हे मला पाठ झालं होतं. काल सकाळी गेले आणि मशीनला खरं सांगितलं.

ते सांगायलाही सोपं नव्हतं. या प्रोग्रॅमला साऱ्या कामांसाठी एकच सुट्टीचा दिवस कळतो. माणसांना रविवार आणि बैलांना सोमवार, असं त्याला सांगायची सोयच नाही. शेवटी वाहतुकीचे मी दोन तुकडे केले आणि प्रत्येकाच्या आधी एक दिवस थांबण्याचं खोटं काम घातलं, दोन्हींचं नाव ठेवलं बैलांचा सोमवार. साहेबांनी ते पडद्यावर वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. आता उत्तर पंधरा एप्रिल येतं. दोन दिवसांनी हुकतं.

साहेबांनी बेलवाडी यादीतून काढलेली नाही, पण ठेवलेलीही नाही. शुक्रवारपर्यंत मुदत दिली. पाइप आधी उचलावेत म्हटलं, तर पाइपांची रेल्वेची वाघीणच स्टेशनात पंधरा मार्चला लागणार. जोडणी आधी सुरू करावी, तर एकेक पाइप ठोकून, आवाज ऐकून, चांगले-वाईट वेगळे केल्याशिवाय मिस्त्री कामाला हात लावत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. सगळ्या बाजूंनी जाऊन आले. फक्त एकच जागा उरते आप्पा, सोळा मार्चचा सोमवार. त्या दिवशी गाड्या निघाल्या तर वाहतूक शनिवारी संपते आणि काम तेराला.

म्हणून मागते. एक सोमवार. ते पाणी बैलही पिणारच आहेत. पुढचे सगळे सोमवार त्यांचे. मी वर तोंड करून हे मागत नाही, लिहिताना दोनदा पान फाडलं. तुम्ही पाचजणांना विचारून काय ते कळवा. पोस्टात टाकू नका, उशीर होईल. नांदेड गाडीच्या कंडक्टरजवळ द्या.

अव्वाला नमस्कार. रागावलात तरी उत्तर द्या.

दानू


बेलवाडी, २५ फेब्रुवारी

चि. दानू हिस अनेक आशीर्वाद.

बैल जुंपणार न्हाई. आधी हे लिहितो, म्हणजे तुला बाकीचं वाचताना आस लागायची न्हाई. बहात्तरला पेंढी पेंढी मोजून वैरण टाकत होतो, तवा बी सोमवार मोडला न्हाई. मुक्या जिवाला आठवड्यातला एक दिवस कबूल केलाय. त्याला तारीख कळत न्हाई, अडचण कळत न्हाई. मग आपणच कबूल केलेलं आपणच कसं मोडायचं? ईश्वरप्पा, दुसरे गाडीवाले, सगळे हेच बोलले.

एवढं झाल्यावर सगळे उठायला लागले. तवा तुझी अव्वा बायांच्या बाजूनं बोलली. म्हणाली, सोमवार बैलांचा हाय, आपला न्हाई. गाडीला काय बैलच लागतो का? रोजगार हमीवर खडी फोडायला जातोच, त्या दिवशी तिकडं न जाता आपणच गाड्या वढू.

आधी बाप्ये हसले. मग कुणी हसेना. मग मोजायला बसलो. सहा गाड्या, एका गाडीला दहा माणसं. एका दमात पूर्ण भार माळावर चढायचा न्हाई, म्हणून अर्धा अर्धा भार, दोन खेपा. पहाटे निघायचं. दोर मठाचा पालखीचा हाय, अन् विहिरीच्या मोटेचे सोल पडूनच हायेत, विहिरीत आता कुठं पाणी हाय. साठ नावं व्हायला घटका लागली न्हाई. तेवीस बायांची हायेत. ईश्वरप्पानं सांगितलंय, ज्यानं पाइप आदळला त्याचं नळकोंडाळं शेवटी बसवीन.

तवा तुझ्या मशीनला सांग, सोमवारी गाड्या चालतील. बैल न्हाईत, पण चालतील. हे खोटं न्हाई, साठ सह्या अन् अंगठे सोबत लावलेत.

पहिली गाडी आपली. जुवाला मी असणार, गाडी माझी हाय. उद्या शिवरात्र, तू उपास करून मशीनपुढं बसू नको, चक्कर येईल.

तुझा आप्पा


नांदेड, २८ फेब्रुवारी

ती. आप्पांस,
दानूचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

काल दुपारी स्टँडवर जाऊन कंडक्टरकडून पत्र घेतलं आणि ऑटोत बसूनच वाचलं. ऑटोवाल्याने विचारलं की बाई, घरी सगळं ठीक ना. मी हो म्हटलं आणि रडत राहिले.

ऑफिसात जाऊन ती दोन्ही खोटी कामं, बैलांचे सोमवार, काढून टाकली. वाहतुकीचे दोन तुकडे जोडले. तारीख तेरा एप्रिल. साहेब म्हणाले, म्हणजे बैलवाले तयार झाले. मी म्हटलं की नाही झाले. मग साठ नावांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. अंगठ्यांवरून बोट फिरवत त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं की माळाच्या उताराला गाडी मागून धरायला माणसं ठेवलीत का, चढापेक्षा उताराला धोका जास्त. तेवढं मिस्त्रींना नक्की सांगा: उताराला मागे दोर, आणि चाकाला दगड लावायला दोघं.

आज यादी गेली. बेलवाडी चौथी. परवा सोमवारी चर खोदायला सुरुवात करा. त्याला बैल लागत नाहीत.

मी पंधरा मार्चला, रविवारच्या गाडीने येते. साठ नावांत माझं नाव नाही, ते एकसष्टावं घाला. ऑफिसात हातांची कातडी मऊ झालीय, म्हणून अव्वाला जुनी धोतरं फाडून ठेवायला सांगा, दोर धरताना गुंडाळायला. अव्वाला हेही सांगा की तिच्या एका वाक्याने मशीनचे दोन दिवस कमी झाले, आणि ते मला आठवडाभर जमलं नव्हतं.

भिंतीवरच्या रेघांचं मी बहिणींना अजून सांगितलेलं नाही. आता सांगणार आहे, पण माझ्या पद्धतीने. आठवड्यात तुमच्या बैलांना एकच मोकळा दिवस असायचा, आणि तुम्हालाही तोच. तो दिवस तुम्ही घरी पाठ टेकायच्या ऐवजी नांदेडच्या गाडीत घालवलात. एक दिवस आधी येण्यापेक्षा हे मला जास्त वाटतं.

आता शेवटचं, आणि याचं उत्तर मला ठाऊक आहे. त्या सोमवारी जुवाला खांदा लावू नका. तुमच्या जागी मी उभी राहते. गाडी तुमची आहे, तशी मीही तुमचीच आहे. डॉक्टरांनी घागरसुद्धा नको म्हटलंय, आणि तुम्ही पाइपांची गाडी ओढायला निघालात. बैलांना त्यांचा दिवस दिलात, तसा हा एक सोमवार तुम्हीही घ्या. गोठ्यात त्यांच्याजवळ बसून राहा, आप्पा, आम्ही परत येईपर्यंत.

तुमची
दानू